टेबलावरचं तेच वाचलेलं

उत्कर्षा शिकायला पुण्याला गेली आणि घरात संध्याकाळी तीनच ताटं मांडायची वेळ आली, त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच वर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पुस्तकं-मासिकं घ्यायला मिळणारी रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली. घरातलं एक ताट कमी होणं आणि कचेरीतली रक्कम कमी होणं ह्या दोन गोष्टी दाक्षायणीच्या मनात अशा गुंतून बसल्या, की पुढे कुणी ती कपात कोणत्या सालची म्हणून विचारलं तर तिला आधी पोरीची बॅग, तिच्यात कोंबलेली शेंगाचटणीची बरणी आणि स्टेशनवर नवऱ्यानं, अमरेशनं, उगाच पुन्हा पुन्हा पुसलेला चष्मा आठवायचा, मग साल आठवायचं. ग्रंथालयातला नियतकालिकांचा विभाग तिच्याकडे होता. कोणतं मासिक चालू ठेवायचं, कोणतं बंद करायचं, कोणत्या विभागाच्या वाट्याला किती रक्कम घालायची, ह्याची यादी तिच्या टेबलावर तयार व्हायची आणि मग समितीपुढे जायची. कपातीच्या त्या वर्षी तिनं दिवाळीआधी यादी केली होती. समितीनं ती फारसं न बोलता मान्य केली होती. दाक्षायणीची यादी म्हणजे पक्की, असं ग्रंथपाल हृषीकेश सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं अजून अंगावर होतं, त्यातच संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यातली ती दुपार आली.

तिच्या खोलीला वाचनकक्षाच्या बाजूनं काच होती. मान वर केली तेव्हा तिला अप्पा दिसले. अप्पा म्हणजे तिचे सासरे, सोमलिंग. मासिकांच्या मांडणीपाशी ते वाकून उभे होते आणि त्यांचा उजवा हात खालच्या एका रिकाम्या कप्प्यात कोपरापर्यंत गेला होता. पिठाच्या डब्यात तळाला काही उरलंय का म्हणून बाईमाणूस हात फिरवतं, तसा तो हात फिरत होता. मग त्यांनी हात बाहेर काढला, तळव्याला लागलेली धूळ पाहिली, धोतराला पुसली आणि कोपऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसले. टेबलावर काही नव्हतं. वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही. दोन्ही हात लाकडावर पालथे ठेवून ते बसून राहिले, जसं काही समोर उघडं पान आहे आणि वारा येऊन ते उलटू नये. एवढंच झालं. दाक्षायणीनं मात्र मान खाली घातली, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते काय लिहिलं हे तिला नंतर स्वतःलाच लागलं नाही. उठून त्यांच्याकडे जावं असं पहिल्यांदा मनात आलं. पण जायची सोय नव्हती. अव्वा, म्हणजे तिच्या सासूबाई चंद्रव्वा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या, त्यानंतर अप्पांनी बाहेरच्या वाचकाचं कार्ड काढलं, तेव्हाच त्यांनी तिला घरी बजावलं होतं, की तिथं तू साहेब आणि मी वाचक, तिथं नातं काढायचं नाही, कुणी म्हणायला नको की सुनेच्या कचेरीत म्हातारा येऊन पंख्याखाली बसतो. तेव्हापासून ती स्कूटीवर यायची आणि ते सिटी बसनं यायचे. दारात समोरासमोर आले तर अप्पा तिच्याकडे असं बघायचे, की जसं काही आपण ह्या बाईंना कुठंतरी पाहिलंय पण नेमकं आठवत नाही. ह्या नाटकाची तिला आधी गंमत वाटे, मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर ते नेमकं काय वाचतात हे बघायचंच राहून गेलं. म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचतात, तसे तेही वाचत असतील, असं तिनं धरून ठेवलं होतं. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसायचे, तेव्हा ते मनात जप करत असतील असं तिला वाटायचं.

पाच वाजता वाचनकक्ष ओस पडल्यावर ती त्या कप्प्यापाशी गेली. कप्प्यावर चिकटवलेली पट्टी तिच्याच खोलीतल्या प्रिंटरमधून निघालेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, इतर. तिच्या यादीत भाषेचे रकाने होते, मराठी, इंग्रजी, हिंदी, आणि उरलेलं सगळं इतर. ज्या शहरात एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड आणि तिसरीत दख्खनी ऐकू येते, त्या शहराच्या ग्रंथालयात ह्या साऱ्यांना मिळून एक कप्पा होता. ती स्वतः वळसंगची. घरात कन्नड, शाळेत मराठी. आईशी फोनवर ती अजून कन्नडच बोलायची, पण कन्नडचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. भाषा तोंडात होती, डोळ्यांत नव्हती. त्या कप्प्यात पूर्वी काय होतं ते तिनं आठवून पाहिलं. एक कन्नड मासिक होतं, जुन्या नोंदीत त्याचं नाव हिटाला असं होतं. कधीकाळी कुणीतरी कन्नड नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं असणार, मग दुसऱ्या कुणी ते इंग्रजीवरून मराठीत उतरवलं असणार, आणि त्यात नाव असं होऊन बसलं. हिटाला ह्या नावापुढे वर्षभर शून्य होतं. म्हणून ते बंद झालं. बंद झालेल्या मासिकाचे जुने बांधीव खंडही ठेवायचे नाहीत असा नियम होता, म्हणून खालचे खंड मागच्या खोलीत रद्दीच्या ढिगाला लागले. हे करताना तिनं दोनदा पाहिलं नव्हतं. शून्याकडे दोनदा कुणीच पाहत नाही.

कोंडीबा दिवे मालवत येत होता. तो ग्रंथालयातला शिपाई, मूळचा करकंबचा, इथं नोकरीत केस पिकलेला. मोजणी त्याच्याकडे होती. वाचकांनी वाचून झालेला अंक टेबलावरच ठेवायचा, कोंडीबानं दुपारी आणि संध्याकाळी टेबलं फिरून प्रत्येक अंकाची खूण करायची आणि मगच अंक जागेवर लावायचा. पद्धत दाक्षायणीनं बसवली होती, आणि टेबलावरचं तेच वाचलेलं, हे वाक्यही तिचंच होतं. ते तिनं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलं होतं. तिनं कोंडीबाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या कोपऱ्यातले आजोबा काय वाचतात. कोंडीबानं तिच्याकडे पाहिलं, मग कप्प्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ बटणाशी खेळत राहिला.

"कोण आजोबा ते मला म्हाईत हाय मॅडम," तो म्हणाला, "पर मला म्हाईत न्हाय असं मी ठरिवलंय. तुमी पण तसंच ठरिवलंय की. ते ह्यातलंच वाचायचे. हितल्या खालच्या कन्नड पोथ्या. दुसऱ्या कशाला कधी हात लावला न्हाय."

मग त्या नावापुढे शून्य का, असं तिनं विचारलं.

"ते टेबलावर ठिवतच न्हाईत. वाचून झालं की उठत्यात, फडक्यानं पुसत्यात आन जाग्यावर नेऊन लावत्यात. मी मोजतो टेबलावरचं. जाग्यावरचं कसं मोजायचं ते तुमी सांगितलं न्हवतं."

त्यात कुठं टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं झालं असतं. स्कूटीवरून घरी येताना तिला वाटेभर अप्पांचं ताट दिसत राहिलं. त्यांच्या घरात रीत होती, ताटात काही टाकायचं नाही. जेवण झालं की अप्पा ताटात थोडं पाणी घालायचे, बोटानं ताट फिरवून धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. मग ताट इतकं निर्मळ दिसायचं, की लग्न होऊन ती नवीन आली तेव्हा एकदा ते ताट घासलेल्या ताटांत ठेवून बसली होती, आणि चंद्रव्वा हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. आयुष्यभर अप्पांनी चादरीच्या कारखान्यात घड्या घालायचं काम केलं होतं. रुमाल असो, पिशवी असो, घडी घातल्याशिवाय त्यांच्या हातून वस्तू खाली पडायची नाही. अशा माणसानं अंक टेबलावर पसरून निघून जावा, असं आपल्या भिंतीवरचा कागद सांगत होता. तो कागद जो पाळतो तो वाचक, आणि जो पाळत नाही तो शून्य. ती सिग्नलला थांबली. मागचा रिक्षावाला दख्खनीत काहीतरी पुटपुटला, तेव्हा हिरवा दिवा लागून गेल्याचं तिच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी अप्पा ओट्यापाशी शेंगा फोडत बसले होते. अमरेश अजून यायचा होता. तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि पाठमोरी राहूनच विचारलं, की अप्पा, तुम्हाला कन्नड वाचता येतं का. पाठमोरं विचारायचं तिनं मुद्दाम ठरवलं होतं, कारण तोंड बघून बोलायचं म्हटलं की अप्पांना आपण घरात आहोत की ग्रंथालयात ते ठरवावं लागलं असतं. शेंगा फुटायच्या थांबल्या, मग पुन्हा फुटू लागल्या. आणि अप्पांनी हळूहळू, मधेमधे शेंगदाणा तोंडात टाकत, सगळं सांगितलं. त्यांची शाळाही तिच्यासारखी वळसंगचीच, मराठी चौथीपर्यंत. कन्नड अक्षर त्यांना कधी आलं नाही. चंद्रव्वांचं माहेर इंडीकडचं, त्यांची शाळा कन्नड. त्यांच्याकडे दर महिन्याला एक कन्नड मासिक यायचं, तेलाचे हात लागू नयेत म्हणून त्या त्याला वर्तमानपत्राचं वेष्टण घालायच्या, आणि संध्याकाळी परसात बसून अप्पांना त्यातलं वाचून दाखवायच्या. वाचून झालं की विजापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती आपल्या बहिणीला धाडून द्यायच्या. त्यात एक लांबत चाललेली गोष्ट होती. गौरव्वा नावाची बाई माहेराहून परत निघते आणि चुकीच्या गाडीत बसते. दर महिन्याला ती वेगळ्याच गावात उतरते, तिथं कुणाच्या तरी घरात भांडण मिटवते नाहीतर लावून देते, आणि पुन्हा चुकीच्याच गाडीत बसते. अप्पांना त्या गौरव्वाची चटक लागली होती. महिना संपत आला की ते विचारायचे, पोचली का बाई घरला. चंद्रव्वा म्हणायच्या, अजून कुठली. आणि मग ती लाट आली. चंद्रव्वा दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि गौरव्वा कुठल्याशा गावात उतरून तशीच राहिली.

"मंग मी म्हणलं, आपणच बघावं," अप्पा म्हणाले. "यष्टी स्टँडवर जाऊन बसायचो. कर्नाटकाच्या गाड्या येत्यात की. पाटी वर कन्नड, खाली मराठी. इंडी. आळंद. अफजलपूर. खालचं वाचायचं आन वरचं बघायचं. म्हयन्याभरात निम्मी अक्षरं गावली. उरल्याली मठातल्या अय्यांनी सांगितली. हसत हुते मला. पर सांगितली. तुझ्या कचेरीत मासिक हाय, कार्ड काढाय आलो तवाच दिसलं. नाव वाचाय आल्यावर कळलं की हे तर आपलंच. हित्तल."

दाक्षायणीचा हात पिठात थांबला. हित्तल म्हणजे परसू. परसात बसून वाचलेलं परसू. हा शब्द ती जन्मापासून बोलत आली होती, आणि हिटाला म्हणून तिनं तो छाटला होता. तिनं ते मागचे खंड किती वाचले म्हणून विचारलं. अलीकडून पलीकडे असं चाललंय, ते म्हणाले, नव्यातून जुन्यात, गौरव्वा अजून गावली नाही, पण मागं असेल, आपल्याला वाचायला वेळ लागतो, सुरुवातीला तर एका पानाला एक दुपार जायची. रिकाम्या कप्प्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तिनंही विचारलं नाही. त्या घरात न बोललेल्या गोष्टींनाही त्यांची त्यांची जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना, स्कूटी काढताना, रस्त्यावर, तिच्या कानात सासूबाईंचा वाचतानाचा आवाज येत राहिला. तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची, अर्धं ऐकू यायचं. वाचताना चंद्रव्वा मधेच थांबायच्या, खाकरायच्या, अप्पा हसायचे. गौरव्वाला एक सून होती. त्या सुनेला सगळं मोजायची खोड होती. ती डब्यातल्या पापडांना नंबर घालायची, पाहुण्यांनी किती भाकरी खाल्ल्या ते ध्यानात ठेवायची, आणि सासू हरवली तेव्हा ती म्हणाली होती, की सासूबाई एकच होत्या, म्हणजे मोजायला सोप्या. ते ऐकून अप्पा इतके हसले होते, की परसातलं मांजर पळालं होतं, आणि भाकरी भाजता भाजता दाक्षायणीच्याही ओठावर हसू आलं होतं, कर्नाटकातल्या कुठल्याशा लेखकानं काय बाई नेमकं लिहिलंय असं वाटून. आता सात रस्ता चौकाच्या गर्दीत तिला एकदम उजाडलं, की कुठल्याच लेखकानं ते लिहिलेलं नव्हतं. पापडांच्या डब्यावर नंबर तिनं स्वतः घातले होते. आपलं घर, आपली माणसं, भावकीतली भांडणं उचलून सासूबाई छापल्यासारखं वाचत होत्या, आणि पान कोरडेपणानं उलटत होत्या. गौरव्वा हित्तलच्या एकाही अंकात असणार नव्हती. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली. एका फुलवालीनं तिला गजरा हवा का विचारलं, तिनं नको म्हटलं आणि मग घेतला.

आता अप्पांना हे सांगायचं की नाही. सांगितलं तर त्यांचं वाचन त्याच दिवशी संपणार. नाही सांगितलं तर ते जे नाही ते धुंडाळत राहणार, आणि ते धुंडाळायला तरी खंड जागेवर हवेत, ते रद्दीच्या ढिगाला. ती हृषीकेश सरांकडे गेली. सर निवृत्तीला आलेले, मऊ बोलणारे, पण नियमाच्या बाबतीत लोखंडी. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, की रक्कम किरकोळ आहे हे खरं, पण प्रश्न रकमेचा नाही. शून्याचं एक मासिक परत आणलं, की उद्या प्रत्येक विभागप्रमुख आपलं शून्य घेऊन दारात उभा राहील. मार्चच्या समितीपर्यंत खंड कप्प्यात ठेवा, मोजणी करा, आकडा आला तर बोलू, नाही आला तर रद्दी. वाचक कोण हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. कोंडीबानं त्याच दिवशी खंड झटकून कप्प्यात आणून लावले.

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना सांगितलं, की वाचून झालं की खंड टेबलावरच ठेवून यायचा, उचलून ठेवायचा नाही. त्यांनी मान हलवली. व्हय म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती काचेआडून बघत होती. अप्पांनी दुपारभर वाचलं. बोट ओळीवर, ओठ हलते. निघायची वेळ झाली तसे ते उठले, पिशवी खांद्याला लावली, खंडाकडे पाहिलं आणि दाराकडे चालू लागले. दारापाशी थांबले. मागं वळून टेबलाकडे बघितलं. लग्नाच्या पंक्तीत कुणी अर्ध्या ताटावरून उठून जावं आणि सगळ्यांच्या नजरा पाठीला लागाव्यात, तसे ते उभे होते. मग परत आले, खंड मिटला, फडक्यानं पुसला, आणि कप्प्याकडे निघाले. काचेआड उभी असलेली ती त्यांना दिसली. क्षणभर त्यांनी तिच्याकडे ओळख दाखवून पाहिलं, लहान पोरानं साखरेचा डबा हातात धरून पाहावं तसं, खंड पुन्हा टेबलावर आणून ठेवला आणि भराभर बाहेर पडले. जरा वेळानं बघते तो अप्पा जिन्यावरून पुन्हा वर आलेले, बस चुकवून, आणि खंड कप्प्यात. त्यानंतर तिनं त्यांना पुन्हा सांगितलं नाही. दररोज ते टेबलापाशी थोडे रेंगाळायचे, एकदा तिच्या खोलीकडे अपराध्यासारखं बघायचे आणि खंड जागेवर लावायचे.

कोंडीबा म्हणाला, "मी खूण करतो की मॅडम. वाचत्यात ते डोळ्यांनी बघतोय. कुणाला कळतंय."

खोटं नव्हतं ते. तिनं पेन हातात घेतलंसुद्धा. पण हात पुढे होईना. स्वतःच्या सासऱ्यासाठी आपला नियम वाकवायचा आणि बाकीच्यांना त्याच नियमानं छाटायचं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आणि बाकीचे, हा शब्द मनात आल्यावर ती थांबली. तिनं कोंडीबाला विचारलं, की अप्पांसारखं आणखी कोण करतं. लई जण, तो म्हणाला. खेड्यातनं आलेली पोरं तर बघायलाच नको. नातेपुत्याची एक पोरगी आहे, ती पुस्तक ठेवताना त्याला हात लावून कपाळाला लावते. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, ते दुसऱ्यांनी टाकलेलंसुद्धा उचलून ठेवतात. त्यांना कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत, म्हणतात घर असं ठेवता का तुम्ही. दाक्षायणी खुर्चीत बसली. वर्षभर तिनं मोजलं होतं ते वाचन नव्हतंच. पसारा मोजला होता. ज्यांना घरात कुणीतरी नीट वळण लावलं, त्या सगळ्यांना तिच्या यादीनं न आलेले धरलं होतं, आणि त्यांची मासिकं बंद करून वाचलेली रक्कम पसारा करणाऱ्यांच्या मासिकांना दिली होती. भिंतीवरचा कागद तिनं दोन्ही हातांनी काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघून आला.

मार्चच्या समितीत तिनं हे सांगितलं. लांबट टेबल, चहा, बिस्किटं, आणि सगळ्यांना घाई. मोजणीची पद्धत चुकली आहे, ती म्हणाली, शून्याची मासिकं शून्याची नाहीत, तोवर जुने खंड रद्दीत काढू नयेत. अर्थशास्त्राचे एकनाथ सर तिरकस पण वाईट नव्हेत, त्यांनी विचारलं की हे मॅडमना कसं समजलं, एखादा तरी वाचक दाखवता येईल का. खोलीत पंखा फिरत होता. घरात ठरलेलं मोडायचं की नाही, ह्याचा विचार करायला तिला पंख्याचा एक फेराही मिळाला नाही.

"दाखवता येईल सर," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्या टेबलाशी रोज बसतात ते. माझे सासरे आहेत."

कुणीतरी हसलं. एकनाथ सर म्हणाले, म्हणजे घरचा वाचक धरून संख्या एक. तीही हसली, कारण ते हसण्यासारखं होतंच. मग म्हणाली, "हो सर, एक. माझ्या यादीत तो शून्य होता." हृषीकेश सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि लिहून घ्यायला सांगितलं, की बंद केलेल्या मासिकांची वर्गणी ह्या वर्षी पुन्हा सुरू करायला पैसे नाहीत, मात्र कोणाचेच खंड रद्दीत जाणार नाहीत, आणि मोजणी नव्यानं व्हावी, कोंडीबानं टेबलं न मोजता माणसांना विचारावं. हित्तलचे नवे अंक आले नाहीत ते नाहीतच. जुने राहिले. बैठकीनंतर एकनाथ सर तिच्या खोलीत डोकावले आणि आपली आईही रांगोळीचा डबा कुणाला जागचा हलवू द्यायची नाही असं काहीतरी सांगून गेले.

ती बातमी अप्पांच्या कानावर बसथांब्यावरच गेली. संध्याकाळी ते जेवायला बसले पण तिच्याशी बोलले नाहीत. अमरेशनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि दह्याची वाटी इकडून तिकडे सरकवली. शेवटी अप्पा ताटाकडे बघत म्हणाले, की तिथं नातं काढायचं नाही असं ठरलं होतं. ती म्हणाली, ठरलं होतं. ते म्हणाले, आता सगळे मला मॅडमचा सासरा म्हणून उठून जागा देतात, खुर्ची पुसतात, वाचायचं कसं माणसानं. तिला वाईट वाटलं, आणि ते खरंच रागावलेत म्हणून बरंही वाटलं. चारसहा दिवस ते गेले नाहीत. मग एका सकाळी पिशवी खांद्याला लावून निघाले आणि उंबऱ्यातून म्हणाले, की गाडीला मागं जागा आहे का. त्या दिवसापासून ते तिच्या स्कूटीवर मागं बसून जाऊ लागले, एका बाजूला दोन्ही पाय टाकून, बायका बसतात तसे, कारण धोतरात दुसरं जमत नव्हतं. वाटेत गाडीच्या आवाजात ते काय बोलायचे ते तिला निम्मंच ऐकू यायचं. ती हो हो म्हणायची. आदल्या दिवशी वाचलेलं ते सांगत असायचे. गौरव्वाचं नाव येतंय का म्हणून तिचा कान मागं लागलेला असायचा, आणि नाव आलं नाही की तिला सुटल्यासारखं व्हायचं आणि चोरी केल्यासारखंही.

दिवाळी झाली, उत्कर्षा येऊन गेली, थंडी पडली. एका संध्याकाळी अप्पांनी जेवता जेवता सांगितलं, की सगळे खंड संपले. हे बोलणं कधीतरी येणार म्हणून तिनं उत्तरं करून ठेवली होती, काही अंक गहाळ असतील, काही आपल्याकडे आलेच नसतील.

"गौरव्वा ह्यात न्हाय," अप्पा म्हणाले. "कुटंच न्हाय. लई आधीच कळालं हुतं मला, पर म्हणलं पुरतं बगावं. सुनेची गोष्ट आठवली आन उजाडलं. पापडाला नंबर घालणारी सून आनिक कुणाच्या घरात असणार." ते हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. तिनं पाणी दिलं. "मला फशिवलं बग बाईनं. इतकी वर्सं. आन मी तिला दर म्हयन्याला इचारतोय, पोचली का. तुला म्हाईत हुतं?"

"व्हय अप्पा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी वाचत होता."

त्यांनी ताटात पाणी घातलं. उद्या जायचं का, असं तिनं विचारलं, आणि विचारताना तिला भीती वाटली, की आता ते नाही म्हणतील, आता जायला काही कारण उरलं नाही. पण त्यांनी भुवया उंचावल्या, जसं काही हे काय विचारणं झालं. हावेरीकडच्या एका माणसानं मधमाश्या पाळल्याचं लिहिलं होतं, ते वाचायचं मी मधेच सोडलं होतं, ते म्हणाले, गौरव्वाला शोधायच्या नादात लई लोकांचं वरवर चाळून पुढं गेलो, त्यांनी पण मनापास्नं लिवलंय की. आता नीट वाचतो. पहिल्यापास्नं.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा ते वाचत राहिले. मधमाश्यांचं संपलं, मग एका डॉक्टरणीचं, मग एका नांगर करणाऱ्याचं. स्कूटीवर मागं बसून ते रोज नवीन माणसाची हकिकत सांगायचे आणि दाक्षायणीला आता सगळं ऐकू यायचं, कारण ती गाडी हळू चालवायला शिकली होती.

सोमलिंग दोन हजार चोवीस साली, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, वळसंगला भावकीतल्या लग्नात जेवण करून आडवे झाले होते, ते तिथंच झोपेत वारले.